हजार लहरींतून एक : दूरदर्शन संचातील ट्यूनर

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

विज्ञानाने मानवाला दिलेल्या देणग्यांपैकी दूरदर्शनइतकी घराघरांत पोहोचलेली देणगी क्वचितच दुसरी असेल. भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शनचा प्रारंभ झाला आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू होऊन ते महाराष्ट्रात आले. तेव्हापासून या साधनाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले गेले, ते बहुतांशी त्याच्या परिणामांविषयी. कार्यक्रम चांगले की वाईट, मुलांचा अभ्यास बुडतो की ज्ञान वाढते, यांवर वक्तृत्व स्पर्धाही पुष्कळ झाल्या. परंतु ती पेटी मुळात काम कशी करते, हा विचार आपण कला शाखेच्या मंडळींनी विज्ञान शाखेकडे सोपवून टाकला आहे. प्रस्तुत लेखात त्या पेटीच्या एकाच भागाची ओळख करून घ्यावयाची आहे. तो भाग म्हणजे ट्यूनर.

हाच भाग का निवडला, तेही सांगितले पाहिजे. माझ्या वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. आमच्या घराच्या पत्र्यावर मोफत वाहिन्यांची छत्री आहे. एकदा तिची दिशा सारखी करता करता आबांनी मला विचारले, "छत्रीवर तर सगळीच चॅनेलं येऊन पडत असतील. मग पडद्यावर एकच कसं दिसतं? बाकीची जातात कुठं?" आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडेच येतात. ट्यूनरविषयी याहून नेमका प्रश्न विचारता येणार नाही, असे मला वाटते. उत्तरासाठी पदार्थविज्ञानाची काही पुस्तके वाचली. तालुक्याच्या गावी दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या काकांनी अडगळीतला एक जुना ट्यूनर उघडून दाखवला. त्यातून जे हाती लागले, ते आबांना समजेल अशा रीतीने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आकाशातील गर्दी

प्रक्षेपण केंद्रावरून चित्र आणि ध्वनी विद्युतचुंबकीय लहरींवर स्वार होऊन निघतात. या लहरींचा वेग प्रकाशाइतकाच, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. एका सेकंदात लहर जितक्या वेळा वर-खाली होते, ती तिची वारंवारता. सेकंदाला दहा लाख आंदोलने म्हणजे १ मेगाहर्ट्झ. प्रत्येक केंद्राला स्वतःची वारंवारता नेमून दिलेली असते. लहरी एकमेकींत मिसळून अँटेनावर आदळत असल्या, तरी त्यांना वेगळे करण्याची खूण शिल्लक राहते ती या वारंवारतेत.

दूरदर्शनच्या लहरीला जागाही फार लागते. आवाज पाठवायला थोडी जागा पुरते. पण आपल्या जुन्या पद्धतीच्या चित्रात ६२५ रेषा असत आणि अशी २५ चित्रे दर सेकंदाला पाठवावी लागत. त्यामुळे एका वाहिनीसाठी ७ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा राखून ठेवावा लागे. रेडिओचा संपूर्ण मध्यम लहरींचा पट्टा, ज्यावर आकाशवाणीची कितीतरी केंद्रे बसतात, तो जेमतेम १ मेगाहर्ट्झच्या थोडा वर आहे. म्हणजे दूरदर्शनच्या एकाच वाहिनीत असे सहा पट्टे सहज मावतील. उदाहरणादाखल चॅनेल ४ घेऊ. त्याचा पट्टा ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ; त्यात चित्राची लहर ६२.२५ वर आणि ध्वनीची ६७.७५ वर. चॅनेल ५ चा पट्टा १७४ ते १८१ मेगाहर्ट्झ. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढे त्यांचीच वजाबाकी करावयाची आहे.

अँटेनावर जो विद्युतदाब उमटतो, तो किती असतो? बहुधा व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेव्हा ट्यूनरची कामे दोन. गर्दीतून हवी ती लहर वेगळी काढायची आणि ती इतकी क्षीण असताना तिला बळ द्यायचे.

नागपंचमीचा झोका

हवी ती लहर ओळखायची कशी? याचे उत्तर नागपंचमीच्या झोक्यात आहे. लिंबाच्या फांदीला दोर बांधून आपण झोका घेतो, तेव्हा त्या झोक्याची स्वतःची एक लय असते. मागून ढकलणारी मैत्रीण त्या लयीत हात लावत राहिली, तर हलक्या हातानेही झोका उंच जातो. लय चुकवून कितीही जोर लावला, तरी एक धक्का पुढे नेतो आणि दुसरा मागे ओढतो. झोका जागच्या जागी डगमगतो. या लय जुळण्यालाच पदार्थविज्ञानात अनुस्पंदन म्हणतात. झोक्याची लय ठरते दोराच्या लांबीवर. दोर चौपट लांब केला, तर एका फेरीला दुप्पट वेळ लागतो.

विजेचा असाच झोका तारेचे वेटोळे म्हणजे कॉईल आणि धारित्र म्हणजे कपॅसिटर यांची जोडी करून मिळतो. धारित्रात साठलेला विद्युतभार कॉईलमधून वाहत दुसऱ्या बाजूला जातो, पुन्हा परततो, असे हेलकावे घेत राहतो. त्यांची लय कॉईल आणि धारित्र किती मोठे, यावर ठरते. येथेही नियम तोच : धारित्र चौपट केले, तर फेरीला दुप्पट वेळ लागतो, म्हणजेच वारंवारता निम्मी होते. अँटेनावरून आलेल्या सर्व लहरी या जोडीला धक्के देतात. पण जिची लय जुळते, तिच्यामुळेच मोठी आंदोलने उठतात. बाकीच्यांचे धक्के आपापसात फुकट जातात.

आबांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे. बाकीच्या लहरी कोठे नाहीशा होत नाहीत. त्या येतात, धक्का देतात, पण लय न जुळल्यामुळे संचात पुढे सरकत नाहीत.

गाडीकडे काटा की काट्याकडे गाडी?

मग एवढ्यावर काम का भागू नये? भागत नाही, कारण एका जोडीची निवड ढोबळ असते. शेजारची लहरही ती थोडीफार आत घेते. निवड चोख व्हायची, तर अशा अनेक जोड्या एकापुढे एक लावाव्या लागतात. शिवाय त्यांनी मिळून नेमका ७ मेगाहर्ट्झचा पट्टा आत घ्यायचा आणि त्याच्या काठाबाहेरचे सारे अडवायचे. चॅनेल बदलले की या सगळ्या जोड्या एकाच वेळी आणि एकाच मापाने बदलायला हव्यात, हे फार अवघड. त्यात वारंवारता जितकी उंच, तितके तिला बळ देणेही कठीण.

या पेचातून वाट निघाली ती पहिल्या महायुद्धात. एडविन आर्मस्ट्राँग हा अमेरिकन सैन्याच्या दळणवळण दलातील तरुण अधिकारी १९१८ साली पॅरिसमध्ये होता. त्या वेळच्या निर्वात नळ्यांना उंच वारंवारतेच्या क्षीण लहरींना बळ देणे जमत नसे. त्याने विचार उलटा केला. उंच लहरीच्या मागे धावायचे कशाला? तिलाच खाली, आपल्या सोयीच्या वारंवारतेवर आणावी आणि मग निवांतपणे निवड करावी, बळ द्यावे. या पद्धतीला सुपरहेटरोडाइन म्हणतात. फ्रान्समधील ल्युसिएँ लेव्ही यालाही त्याच सुमारास ही कल्पना सुचली होती आणि पुढे दोघांच्या हक्कांवरून वाद झाला. याच आर्मस्ट्राँगने पुढे १९३० नंतरच्या दशकात एफ.एम. रेडिओची पद्धत सिद्ध केली. आपल्या जुन्या दूरदर्शन संचात आवाज येत असे तो याच पद्धतीने.

या कल्पनेचे मर्म उसाच्या हंगामात आपण रोज पाहतो. साखर कारखान्यावर गावोगावच्या गाड्या येतात. प्रत्येक गाडीसाठी वेगळा काटा कोणी तिच्या गावी नेत नाही. काटा एकच, एकाच जागी पक्का रोवलेला, बारकाईने जुळवलेला. गाड्या त्याच्यावर येतात. ट्यूनरही तेच करतो. प्रत्येक वाहिनीसाठी वेगळी गाळणी न करता प्रत्येक वाहिनीला एकाच ठरलेल्या वारंवारतेवर आणतो. तिला मध्यम वारंवारता म्हणतात. आपल्याकडील संचांत ती चित्रासाठी ३८.९ आणि ध्वनीसाठी ३३.४ मेगाहर्ट्झ अशी ठरलेली होती.

वजाबाकीची किमया

लहरीला खाली आणायचे कसे? त्यासाठी संचातच दुसरी एक लहर तयार केली जाते. ती तयार करणारा भाग म्हणजे स्थानिक आंदोलक. बाहेरून आलेली लहर आणि ही घरची लहर मिश्रक नावाच्या भागात एकत्र येतात आणि तेथे दोघींच्या फरकाची नवी लहर जन्माला येते.

भजनी मंडळाच्या पेटीत एका पट्टीखाली दोन सूर असतात. त्यांपैकी एक किंचित उतरला, की आवाज थरथरू लागतो. एकाचे सेकंदाला २५६ कंप आणि दुसऱ्याचे २५२ असतील, तर सेकंदाला ४ वेळा आवाज चढतो-उतरतो. दोन लहरींच्या फरकाची ओळख येथे कानाला होते. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. पेटीतील थरथर हा काही स्वतंत्र नवा स्वर नव्हे. नुसत्या बेरजेतून नवी लहर निघत नाही. मिश्रकात असा घटक असतो, की ज्यातून वाहणारा प्रवाह दाबाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. अशा घटकातून दोन लहरी गेल्या, की त्यांचा जणू गुणाकार होतो आणि त्यांच्या बेरजेची व वजाबाकीची अशा नव्या लहरी खरोखरच तयार होतात. त्यांतील वजाबाकीची तेवढी ठेवून घ्यायची.

आता हिशेब करू. चॅनेल ४ लावले, की आंदोलक १०१.१५ मेगाहर्ट्झची लहर काढतो. त्यातून चित्राचे ६२.२५ वजा केले, की ३८.९ उरतात. ध्वनीचे ६७.७५ वजा केले, की ३३.४. चॅनेल ५ लावले, तर आंदोलक २१४.१५ वर जातो. त्या चॅनेलची चित्रलहर १७५.२५ वर असते. वजाबाकी पुन्हा ३८.९. वाहिनी कोणतीही असो, उत्तर तेच. म्हणजे आपण बटण फिरवून वाहिनी बदलतो, तेव्हा मुख्यतः बदलतो तो हा घरातला आंदोलक. मूळ लहरीवर स्वार झालेले चित्र नव्या लहरीवर शाबूत राहते आणि पुढच्या पक्क्या गाळण्या तेवढाच पट्टा उचलतात.

या युक्तीत एक धोकाही आहे. १०१.१५ मधून ६२.२५ गेले की ३८.९ उरतात, तसेच १४०.०५ मधून १०१.१५ गेले तरी ३८.९ च उरतात. त्या वारंवारतेवर दुसरे काही प्रक्षेपण चालू असेल, तर तेही चोरपावलांनी आत येईल. वजाबाकीला वरची कोण आणि खालची कोण, हे कळत नाही. म्हणून मिश्रकाच्या आधी कॉईल-धारित्राची ढोबळ निवड आणि एक विवर्धक ठेवावाच लागतो. झोका दारावर पहारा करतो आणि काटा आत वजन करतो. दोघांशिवाय ट्यूनर होत नाही.

खटक्यापासून चिपपर्यंत

दुकानातील काकांनी दाखवलेला ट्यूनर पत्र्याच्या डबीतला होता. आत एक फिरता ढोल, त्याच्या परिघावर ओळीने बसवलेल्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर बारीक कॉईल. बाहेरचे बटण खट् खट् करीत फिरवले, की एकेक पट्टी संपर्कांपुढे येई. खालच्या चॅनेलच्या पट्टीवर तारेचे वेढे जास्त आणि वरच्या चॅनेलच्या पट्टीवर कमी, हे डोळ्यांनी मोजता येत होते. लांब दोराचा झोका संथ आणि आखूड दोराचा चपळ, हाच नियम तांब्याच्या तारेत दिसत होता. बाहेर आणखी एक कडे असे, बारीक जुळवणीसाठी. संच तापला, की आंदोलक किंचित सरकतो. मग चित्र चांगले तर आवाज खराब, आवाज चांगला तर चित्र खराब. ते कडे फिरवणे म्हणजे आंदोलकाला जागेवर आणणे.

पुढे ढोल गेला आणि व्हॅरॅक्टर डायोड आला. या डायोडला उलट दिशेने विद्युतदाब दिला, की तो धारित्रासारखा वागतो आणि दाब वाढवला, की त्याची धारणशक्ती कमी होते. म्हणजे हात न लावता, केवळ दाब बदलून झोक्याचा दोर आखूड किंवा लांब करण्याची सोय झाली. खटके संपले, झिजणारे संपर्क संपले. तरीही आंदोलक सरकण्याची खोड उरलीच होती. तिच्यावर उपाय निघाला तो क्वार्ट्झच्या स्फटिकाचा. हा स्फटिक आपली लय सहसा सोडत नाही. आंदोलकाची वारंवारता ठरावीक संख्येने भागून ती स्फटिकाच्या लयीशी सतत ताडून पाहिली जाते आणि फरक दिसताच दाब कमी-जास्त करून आंदोलकाला ताळ्यावर आणले जाते. भजनात टाळ लय धरून ठेवतो आणि पखवाज सुटू लागला की टाळाकडे पाहून सावरतो, तसेच हे. आता वाहिनी बदलायची, तर केवळ भागाकाराची संख्या बदलायची. दूरनियंत्रकावर आपण आकडा दाबतो, त्यामागे हे गणित आहे. आज तर पत्र्याच्या डबीतले हे सारे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात बसते.

छत्रीचा हिशेब

जुन्या प्रक्षेपणाचा काळ आता सरला आहे. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने केबल अंकीय झाली, तर २०२१-२२ पर्यंत दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे बहुतेक सर्व भूस्थित प्रक्षेपक बंद करण्यात आले. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा सुरू झाली. तीच आज फ्री डिश म्हणून गावोगावच्या पत्र्यांवर दिसते. मग ट्यूनर संपला का? उलट, तो दोन ठिकाणी वाटला गेला.

उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. त्याच्या लहरी १०,७०० मेगाहर्ट्झच्याही वर असतात. इतकी उंच लहर साध्या केबलमधून खाली घरात आणायची, तर वाटेतच विरून जाईल. म्हणून छत्रीच्या पुढे दांडीवर जे लहानसे यंत्र बसवलेले असते, त्यातच पहिली वजाबाकी होते. त्यातील आंदोलक ९,७५० मेगाहर्ट्झवर चालतो. वरून ११,००० ची लहर आली, तर केबलमध्ये उतरते १,२५० ची. पट्ट्यातील सर्वच लहरी अशा एकसारख्या खाली सरकतात आणि गर्दी तशीच्या तशी बॉक्सपर्यंत येते. तिच्यातून एक निवडण्याचे काम बॉक्समधला ट्यूनर करतो.

निवडीची आणखी एक पायरी येथे वाढली आहे. अंकीय पद्धतीत एकाच लहरीवर अनेक वाहिन्या, आकड्यांच्या छोट्या छोट्या पुडक्यांच्या रूपाने, एकामागोमाग येतात. प्रत्येक पुडके १८८ बाइटचे आणि प्रत्येकावर खुणेचा क्रमांक. ट्यूनर योग्य लहर पकडतो आणि पुढचा भाग क्रमांक पाहून हव्या त्या वाहिनीची पुडकी वेचतो. पोस्टात आधी आपल्या गावची पिशवी बाजूला काढतात आणि मग तिच्यातून घराघरांची पत्रे, तसेच हे. आबांच्या प्रश्नाचे दुसरे आणि पुरे उत्तर येथे मिळते. सगळी चॅनेले छत्रीवर पडतात हे खरेच. केबलमधून त्यांतील पुष्कळशी घरातही येतात. एकच दिसते ते लयीच्या आणि क्रमांकाच्या दुहेरी निवडीने.

पाऊस आला की चित्र का जाते, तेही यातून उलगडते. चॅनेल ४ च्या लहरीची लांबी जवळजवळ ५ मीटर होती. पावसाचे थेंब तिच्या खिजगणतीत नव्हते. उपग्रहाची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास. दाट पावसाचे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात. जुन्या चित्रात लहर क्षीण झाली, की मुंग्या येत, तरी माणसे ओळखू येत. अंकीय चित्र मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि एका मर्यादेखाली गेले, की चौकटी पडून एकदम थांबते.

उपसंहार

१९१८ पासून आजपर्यंत निर्वात नळी गेली, ट्रान्झिस्टर आला, चिप आली. पण दूरची लहर जवळ आणून एका काट्यावर तोलायची, ही कल्पना टिकली. आपल्या खिशातला मोबाइलही मनोऱ्याची लहर उचलताना घरची लहर मिसळून वजाबाकीच करतो.

बदलले आहे ते एवढेच, की ढोलाच्या पट्टीवरचे वेढे मोजता येत होते आणि चिपमधले मोजता येत नाहीत. दुरुस्तीच्या दुकानातही आता बॉक्स उघडून भाग जुळवण्यापेक्षा अख्खा बॉक्स बदलण्याकडेच कल आहे. जी वस्तू उघडून पाहता येत नाही, तिच्यापुढे माणूस दोनच प्रकारे उभा राहू शकतो : एक तर चमत्कार म्हणून हात जोडून, नाही तर समजून घेऊन. ज्या घरांत पुस्तके आत्ता कोठे येऊ लागली आहेत, त्या घरांना यांतला पहिला मार्ग फार लवकर शिकवला जातो. "आपल्याला त्यातलं काय कळणार" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण आबांचा प्रश्न ज्याला सुचतो, त्याला उत्तर कळू नये असे काही नाही. झोका, काटा, टाळ आणि पोस्टाची पिशवी एवढ्या सामग्रीवर ट्यूनर समजतो. उरते ती दोन आकड्यांची वजाबाकी, आणि ती चौथीपर्यंत शिकवलेलीच असते.

म्हणून प्राध्यापकांना आणि बंधुभगिनींना विनंती, की आपापल्या घरातून आलेला असा एखादा प्रश्न घेऊन पुढील अंकासाठी अवश्य लिहावे. तो कोणत्या शाखेचा आहे, याचा विचार नंतर करता येईल.